काट्यावर हलकं, मानेवर जड : अ‍ॅडव्हेंचर हेल्मेटबद्दल वाचकांचे प्रश्न

वर पीक, म्हणजे कपाळापुढे आलेली छज्ज्यासारखी पट्टी, समोर रुंद काच आणि हनुवटीपुढे जरा लांब जबडा, असं हे बाइकवरचं हेल्मेट. एकाच प्रवासात ऊन, पाऊस, धूळ, थंडी सगळं त्यानेच निभावून न्यावं अशी अपेक्षा असते. त्यातही हलकं हेल्मेट शोधणाऱ्यांची पत्रं बरीच आली. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : दोन हेल्मेटांमध्ये निवड करायची आहे. एक कार्बन फायबरचं, १,३५० ग्रॅम. दुसरं फायबरग्लासचं, १,६०० ग्रॅम. दिवसाला सात-आठ तास बाइक चालवतो. हा अडीचशे ग्रॅमचा फरक मानेला खरंच जाणवतो का?

जाणवतो, पण सगळीकडे सारखा नाही. शिवाय छापलेल्या आकड्यांतला फरक तुमच्या डोक्यावर तेवढाच उरेल असंही नाही.

आधी आकडा तपासू. खोक्यावरचं वजन बहुतेक वेळा एखाद्याच मापाचं असतं आणि त्यात साधारण ५० ग्रॅम कमी-जास्तची सूट धरलेली असते. कंपनी एकाच कवचात सगळी मापं बसवत असेल, तर लहान डोक्याच्या माणसाला मोठ्या डोक्यासाठीचं कवच वाहावं लागतं. त्याच्यासाठी आतली गादी फक्त जाड केलेली असते. म्हणून या मॉडेलची कवचं किती मापांत येतात, ते विचारून घ्या. दोन किंवा तीन मापांत येत असतील तर लहान मापाचं हेल्मेट आकारानेही लहान मिळतं.

मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते तीनदा तोला. एकदा नुसतं, एकदा पीक, काच आणि पिनलॉक (वाफ रोखणारी आतली पातळ काच) लावून, आणि शेवटी इंटरकॉम, त्याचे स्पीकर, जबड्याखालचं कापड, कॅमेऱ्याचा पाया असं जे काही तुम्ही लावणार आहात ते सगळं लावून. इंटरकॉम आणि स्पीकर मिळून ५० ते १०० ग्रॅम सहज वाढतात. तुलना करायची ती या तिसऱ्या आकड्याची.

यानंतर तोल बघा, कारण मान वजनापेक्षा तोलाची तक्रार जास्त करते. मूठ आत घालून हेल्मेटच्या माथ्याला मध्यावर टेकवा आणि हेल्मेट त्या मुठीवर तोलून धरा. ते झपकन पुढे कलत असेल, तर पीक आणि जबडा जड आहेत. पुढे ओढलं जाणारं डोकं सरळ ठेवायला मानेच्या मागच्या स्नायूंना दिवसभर ताण धरून राहावं लागतं. १,५०० ग्रॅमचं तोल सांभाळणारं हेल्मेट १,३५० ग्रॅमच्या पुढे झुकणाऱ्या हेल्मेटपेक्षा संध्याकाळी बरं वाटतं, ते यामुळेच.

तिसरी गोष्ट वारा, आणि या प्रकारच्या हेल्मेटमध्ये तीच सर्वांत महत्त्वाची. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १२० किमीवर गेलात तर वेग दीडपट होतो, पण रेटा सव्वादोन पट होतो. पीकखाली वारा शिरला की हेल्मेट वर आणि मागे ओढलं जातं, हनुवटीचा पट्टा गळ्याला लागतो. मान वळवून मागे बघताना हेच पीक शिडासारखं वारा धरतं. म्हणजे खडबडीत वाटेवर, फुटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहून हळू चालवताना ग्रॅम महत्त्वाचे. लांबच्या महामार्गावर आकार महत्त्वाचा. तुमचे सात-आठ तास कुठे जातात, त्यावर उत्तर ठरेल.

शक्य असेल तर एकच मोकळा सरळ रस्ता निवडून, एकाच वेगाने, दहा-दहा मिनिटं चालवून बघा. समोर बघा, हनुवटी थोडी वर-खाली करा, दोन्ही खांद्यांवरून मागे बघा. मग पीक काढून त्याच रस्त्यावर तेच पुन्हा करा. पीकसह डोकं हलत असेल आणि पीकशिवाय शांत होत असेल, तर आधी हे बघा की ते पीक तुम्हाला वाटेत थांबून, अवजाराशिवाय काढता येतं का. बोटांनी फिरणारे स्क्रू असतील तर महामार्गापुरतं काढून ठेवता येतं. काही पीकचे स्क्रू मुद्दाम प्लास्टिकचे असतात, म्हणजे पडल्यावर पीक कशात अडकलं तर ते तुटून सुटावं आणि मान पिरगळू नये. हरवले म्हणून त्यांच्या जागी धातूचे स्क्रू लावू नका.

प्रश्न : हलकं म्हणजे कमी सुरक्षित असं एकाने सांगितलं, दुसऱ्याने सांगितलं कार्बन सगळ्यात मजबूत. नक्की कशावर विश्वास ठेवायचा?

दोन्हींवर नको. कवच कार्बनचं असो, फायबरग्लासचं की पॉलिकार्बोनेटचं, धडकेची ऊर्जा मुख्यतः शोषतो तो आतला थर्माकोलसारखा थर. तो चिरडला जातो आणि त्यामुळे डोकं थांबायला काही मिलिमीटर जास्त मिळतात. कवचाचं काम धक्का पसरवणं, टोकदार वस्तू आत येऊ न देणं आणि घासणं सहन करणं. कार्बनमुळे हे काम कमी वजनात होतं, इतकंच. तेव्हा साहित्य न बघता चाचणीचा शिक्का बघा.

युरोपचं ईसीई २२.०६ हे मानक २०२१ पासून लागू आहे. आधीच्या २२.०५ मध्ये धडकेची चाचणी सेकंदाला ७.५ मीटर या एकाच वेगाने होत असे. आता ६, ७.५ आणि ८.२ मीटर अशा तीन वेगांनी होते. कमी वेगाची चाचणी आली हे फार चांगलं झालं. नुसतं कडक केलेलं हेल्मेट मोठी धडक पचवतं, पण साध्या पडण्यात सगळा धक्का डोक्यापर्यंत पोचवतं. आता तसं चालत नाही. शिवाय ४५ अंशांच्या तिरक्या, खरखरीत पृष्ठभागावर आपटून डोकं किती जोरात गरगरतं तेही मोजतात.

शिक्का कसा वाचायचा ते सांगतो. हनुवटीच्या पट्ट्यावर शिवलेल्या चिंधीवर गोलात ‘ई’ आणि एक आकडा असतो. तो मान्यता देणाऱ्या देशाचा. १ म्हणजे जर्मनी, ३ इटली, ९ स्पेन. त्याखालचा क्रमांक ०६ ने सुरू होत असेल तर ते २२.०६. पुढे तिरकी रेघ देऊन रोमन लिपीत ‘पी’ असेल तर जबडा संरक्षक म्हणून तपासलेला आहे. ‘जे’ म्हणजे उघड्या तोंडाचं. जबडा वर उचलणाऱ्या हेल्मेटवर ‘पी’ आणि ‘जे’ दोन्ही असावेत. ‘एनपी’ दिसलं, तर पुढचा जबडा फक्त दिसायला आहे. असं हेल्मेट खडकाळ वाटेसाठी घेऊ नका. अमेरिकेच्या डॉट शिक्क्यामागे मात्र उत्पादकाचं स्वतःचंच प्रमाणपत्र असतं, त्यामुळे नुसत्या डॉटवर मी थांबणार नाही. आणि तुम्ही जिथे चालवता तिथल्या कायद्याला लागणारा शिक्का वेगळा असेल, तर तोही हवाच.

प्रश्न : नवीन हेल्मेट घातल्यावर तासाभरात कपाळाच्या मध्यभागी दुखायला लागतं. दुकानदार म्हणाला वापरून सैल होईल. होईल का?

कपाळावरचं दुखणं सैल होणार नाही. वापराने दबतात त्या गालाच्या गाद्या. कपाळापाशी कापडामागे लगेच थर्माकोल असतो, आणि तो दबत नाही.

हा मापाचा प्रश्न नसून आकाराचा आहे. कुणाचं डोकं वरून पाहिलं तर पुढून मागे लांबट असतं, कुणाचं गोलसर, बहुतेकांचं मधलं. लांबट डोकं गोल हेल्मेटमध्ये घातलं की कपाळावर टोचतं आणि कानांच्या वर जागा मोकळी राहते. उलट असेल तर कानशिलं आवळली जातात आणि कपाळापुढे बोट शिरतं. तुमचं पहिल्या प्रकारातलं दिसतं. एक माप मोठं घेऊन दुखणं थांबेल, पण हेल्मेट बाजूंनी सैल होईल आणि वाऱ्यात हलेल. लांबट आकाराचं दुसरं मॉडेलच बघावं लागेल. थर्माकोल खरवडून किंवा दाबून जागा करू नका, त्या जागी संरक्षण जातं.

माप घेताना टेप भुवयांच्या अडीच सेंटिमीटर वरून, मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवा. तीनदा मोजा, मोठा आकडा धरा. हेल्मेट घालून वीस मिनिटं घरात बसा. काढल्यावर एकाच ठिकाणी लाल वळ दिसला तर ते परत करा; सगळीकडे हलकी लाली असेल तर ठीक. घातलेलं असताना हेल्मेट धरून डावीकडे-उजवीकडे फिरवा; गालाची कातडी त्याच्याबरोबर ओढली गेली पाहिजे. मग पट्टा घट्ट बांधा, मान खाली घाला आणि दुसऱ्याला मागची कड धरून वर-पुढे लोटायला सांगा. ते डोक्यावरून निघू लागलं, तर कितीही हलकं आणि कितीही महाग असू दे, ते तुमच्यासाठी नाही. चष्मा असेल तर तो लावूनच हे सगळं करा, आणि धुळीसाठीचा, पट्ट्याने बांधायचा गॉगल वापरणार असाल तर तो घेऊन जा. त्याची चौकट काचेच्या खिडकीत मावते का, नाकावर दाब येतो का, हे आणल्यावर कळून उपयोग नाही.

प्रश्न : पाऊस लागला की दोन गोष्टी होतात. काचेवर आतून वाफ धरते आणि भुवयांच्या वरून पाणी टपकतं. पिनलॉक लावलेलं आहे, तरीही. हेल्मेट खराब आहे का?

दोन वेगळी दुखणी आहेत. आधी वाफेचं बघू.

पिनलॉक म्हणजे काचेच्या आत बसणारी दुसरी पातळ काच. तिच्या कडेने सिलिकॉनची बारीक नळी असते. ती मुख्य काचेला सगळीकडून टेकली की मध्ये कोरडी हवा अडकते आणि आतली काच थंड पडत नाही. ती श्वासातला ओलावाही थोडा शोषून घेते. काच उजेडासमोर धरा. सिलिकॉनची रेघ पूर्ण वळशात सलग, गडद दिसली पाहिजे. कुठे फिकी किंवा तुटक दिसली तर तिथून दमट हवा आत जाते, आणि मग दोन काचांमध्येच धुकं धरतं. ते पुसताही येत नाही.

दुरुस्ती सोपी आहे. पिनलॉक दोन खुंट्यांवर अडकलेलं असतं आणि त्या खुंट्या मध्यबिंदूपासून किंचित सरकवलेल्या असतात. काच काढा, हलकेच सपाट करून पिनलॉक सोडवा, खुंटी थोडी फिरवा, परत बसवून उजेडात बघा. एका वेळी थोडंच फिरवा. फार ताणलं तर पिनलॉकला लाटा पडून दिवे दुहेरी दिसतात आणि काचेवर कायमचा वळ उमटतो. नवीन असेल तर संरक्षक पापुद्रा काढलाय ना, तेही बघा. तो राहून गेलेला बऱ्याचदा सापडतो. सफाईला कोमट पाणी आणि दोन थेंब सौम्य साबण, मग आपोआप वाळू द्या. ओल्या पिनलॉकवर रुमाल फिरवला तर चरे पडतात, कारण ओलं असताना त्याचा पृष्ठभाग मऊ असतो.

पिनलॉकवर ३०, ७० किंवा १२० असा आकडा असतो. मोठा आकडा म्हणजे वाफ जास्त वेळ रोखणारं. थंडीत, सतत पावसात चालवत असाल तर १२० घ्या. त्याच्या कडेबाहेर उरलेल्या काचेवर वाफ धरणारच. अ‍ॅडव्हेंचर हेल्मेटची खिडकी उंच असल्याने ही कड पेगवर उभं राहिल्यावर नजरेत येते. श्वास काचेकडे जाऊ न देणारी नाकावरची पट्टी लावा, जबड्याचं व्हेंट (हवा आत घेणारं भोक) उघडं ठेवा. जबड्याखालचं कापड थंडीत ऊब देतं, पण श्वासही कोंडतं. वाफ धरू लागली की आधी ते काढा.

आता गळतीकडे. कपाळाकडचं व्हेंट बंद आहे का ते बघा. पावसात ते उघडं राहिलं तर पाणी थेट भुवयांवर येतं, आणि बरेच जण रबरालाच दोष देत बसतात. ते बंद असेल तर कागदाची चाचणी करा. बोटभर रुंद कागदाची पट्टी काचेच्या वरच्या कडेत आणि रबरात धरून काच बंद करा आणि पट्टी ओढा. डावीकडे, मध्ये, उजवीकडे, पाच-सहा ठिकाणी. जिथे ती सैल निघते तिथून पाणी येतं. बहुतेक वेळा ती जागा मधली असते.

काचेच्या बिजागरीची पट्टी स्क्रूवर बसवलेली असेल, तर दोन्ही बाजूंचे स्क्रू अर्धा वळसा सैल करा, काच बंद करून रबरावर सारखी दाबून धरा आणि तसेच घट्ट करा. फार आवळू नका, प्लास्टिकमधले आटे जातात. रबरावर चिखल सुकलेला असेल तर ओल्या कापडाने काढा, वाळल्यावर सिलिकॉन तेलाचं एक बोट फिरवा. पेट्रोल किंवा थिनर रबरालाही नको आणि काचेलाही. मग हेल्मेट एखाद्या उलट्या पातेल्यावर ठेवा, आत खिडकीच्या कडेने टिश्यू चिकटवा आणि शॉवरखाली समोरून तिरकं पाणी दोन मिनिटं सोडा. टिश्यू कुठे भिजला ते बघा. हे सगळं करूनही मध्यावर भिजत असेल, तर काचेची वक्रता आणि खिडकीची चौकट जुळत नाही. मग हेल्मेट हमीत असताना बदलून मागा. शॉवरमध्ये कोरडं राहिलेलं हेल्मेट वेगात गळू शकतं हेही खरं, पण शॉवरमध्ये गळलेलं वेगात कोरडं राहत नाही.

प्रश्न : व्हेंट सहा आहेत, तरी उन्हात डोकं उकडतं.

आतली गादी काढा आणि समोरच्या व्हेंटमधून टॉर्च मारा. थर्माकोलमधून उजेड आत आला पाहिजे, आणि त्या भोकापासून मागच्या भोकापर्यंत खाच गेलेली दिसली पाहिजे. कवचावर ऐटबाज झडप आणि आत पेन्सिलीएवढं भोक, किंवा भोकावरच गादीचा फोम, असं पुष्कळ हेल्मेटांत असतं. आत खाचच नसेल तर सहा व्हेंट काय आणि दहा काय. मागचे व्हेंट जॅकेटच्या कॉलरने किंवा पाठीवरच्या बॅगेने झाकले जात नाहीत ना, तेही बघा. आणि तुमच्या बाइकची पुढची काच उंच असेल, तर हेल्मेटपर्यंत वाराच पोचत नसेल. पेगवर उभं राहिल्यावर गार वाटलं तर कारण तेच.

हवा पस्तीस अंशांच्या वर गेली की हिशेब उलटतो. अंगाच्या कातडीपेक्षा गरम वारा तोंडावर घेतला तर तो तापवतो आणि घाम गारवा देण्याआधीच उडवून नेतो. अशा वेळी काच बंद, व्हेंट थोडेच उघडे, गळ्याभोवती ओलं कापड, आणि पाणी नेहमीपेक्षा लवकर-लवकर.

प्रश्न : आतली गडद काच असलेलं घ्यावं की फक्त पीकवर भागेल?

सूर्य डोक्यावर असताना पीक पुरतं. तो समोर खाली आला की मान झुकवून पीकची सावली घेता येते, पण वेगात ते त्रासाचं. बोगदे आणि झाडी असलेल्या घाटरस्त्यांवर आतली गडद काच एका बोटाने वर जाते, हा तिचा खरा फायदा. मात्र तिला सामावायला जागा लागते, वजन वाढतं, आणि पावसात तिच्यावरही वाफ धरते. मी गॉगल वापरणाऱ्यांना ती सुचवत नाही, इतरांनी घ्यावी. बाहेरची काच गडद लावायची तर तिच्यावर ‘फक्त दिवसा’ अशी खूण असते, ती गांभीर्याने घ्या आणि साधी काच बॅगेत ठेवा.

प्रश्न : हे हेल्मेट पूर्ण तोंड झाकणाऱ्या इतर (फुल-फेस) हेल्मेटांपेक्षा फारच गोंगाट करतं. हलकं असल्यामुळे का?

थोडं त्यामुळे, जास्त पीकमुळे, आणि बरेचदा बाइकच्या पुढच्या काचेमुळे. मोकळ्या रस्त्यावर, सुरक्षित वेगात बसल्या जागी पाठ ताठ करून डोकं पाच सेंटिमीटर उंच करा, मग तेवढंच खाली वाका. दोन्हींपैकी एका स्थितीत आवाज एकदम उतरला, तर पुढच्या काचेच्या कडेवरून उसळणारा वारा हेल्मेटवर आपटतोय. काच वर-खाली करून बघा. नवं हेल्मेट घेऊन हे जाणार नाही.

पण कितीही शांत हेल्मेट असलं तरी महामार्गावर कानात बोळे घाला. अमेरिकेच्या नायॉश या व्यावसायिक आरोग्य संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. महामार्गाच्या वेगाला हेल्मेटच्या आत आवाज सहज या टप्प्यात जातो. फोमचा बोळा बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. नुसता टेकवलेला बोळा काम करत नाही. हॉर्न आणि इंजिन ऐकू येत राहतं, वाऱ्याचा गडगडाट तेवढा कमी होतो.

प्रश्न : सीटवरून हेल्मेट एकदा फरशीवर पडलं. बाहेर फक्त ओरखडा आहे. टाकून द्यायचं का? आणि पावसाळी प्रवासानंतर आत कुबट वास येतो, तो कसा घालवायचा?

रिकामं हेल्मेट तेवढ्या उंचीवरून पडलं तर आत डोक्याचं वजन नसतं, म्हणून थर्माकोल सहसा चिरडत नाही. तरी गादी काढून आतून बघा. जिथे आपटलं तिथे थर्माकोलवर चीर, चपटा भाग किंवा कवचापासून सुटलेली जागा आहे का, अंगठ्याने दाबल्यावर करकर आवाज येतो का. कार्बन किंवा फायबरग्लासच्या कवचावर रंगाखाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या, तर ते वापरू नका. डोक्यावर असताना आपटलं असेल तर आत-बाहेर काहीही न दिसताही बदला. पडझड नसली तरी हेल्मेटांची चाचणी करणारी स्नेल फाउंडेशन ही अमेरिकन संस्था पाच वर्षांनी बदलायला सांगते.

आरशावर हेल्मेट अडकवायची सवय असेल तर सोडा. आरशाचं टोक नेमकं माथ्याच्या थर्माकोलमध्ये खड्डा करतं, आणि तो गादीमागे लपून राहतो.

वासासाठी सगळ्या गाद्या काढा, प्रत्येक बटणाची जागा फोटोत टिपून ठेवा. कोमट पाण्यात केस धुण्याच्या शांपूने हाताने दाबून धुवा, पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत वाळवा. गालाच्या गाद्यांना पूर्ण दिवस लागतो. बाहेरून कोरड्या वाटल्या तरी फोम आत ओला असतो आणि वास तिथूनच येतो. थर्माकोल ओल्या कापडाने पुसून पंख्यासमोर ठेवा. हेअर ड्रायर, हीटर, गरम सायलेन्सर यांच्याजवळ नको. सुगंधी फवारे आणि डास पळवणारा स्प्रेही आत मारू नका, त्यांतली द्रावणं थर्माकोल खातात. लांबच्या पावसाळी प्रवासाला निघताना गालाच्या गाद्यांची एक जादा जोडी बरोबर असेल तर सकाळी ओलं हेल्मेट घालावं लागत नाही. मुक्कामाला पोचल्यावर हेल्मेट उलटं, उघड्या बाजूने वर ठेवा आणि काच पूर्ण उघडी ठेवा.